बीओडी

बीओडी म्हणजे पाण्यातली कुजणारी घाण खाऊन संपवायला बॅक्टेरियांना जेवढा ऑक्सिजन लागतो तो, लिटरमागे किती मिलिग्रॅम असा मोजलेला. पुस्तकात याला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात, पण लॅबमध्ये अन् टपरीवर सगळे बीओडीच म्हणतात म्हणून इथंही तेच. एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंटच्या पोरांचा पहिल्या सेमिस्टरचा ठरलेला घोळ म्हणजे बीओडी जास्त तर पाण्यात ऑक्सिजन जास्त असं समजणं. उलट आहे बावा! पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ, ती खिशातली रक्कम, अन् बीओडी ही उधारी.

उधारी किती पटकन चढते ते पाहा. दुधाचा बीओडी लिटरला सुमारे १ लाख मिलिग्रॅम असतो, म्हणजे २०० मिलीचा एक ग्लास दूध सांडलं तर ते कुजायला २० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, अन् लिटरमागे ८ मिलिग्रॅम डीओ असलेलं पाणी धरलं तर अडीच हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन त्यात गेला. दूध विषारी नाही, तरी मासे मरतील. सावजीच्या हॉटेलातली भांडी धुतलेलं पाणी, संत्र्याच्या रसाचं पाणी, संडासचं पाणी, सगळ्यांची गोष्ट हीच, बॅक्टेरियांना ते जेवणच आहे.

मोजायची रीत साधी पण कंटाळवाणी आहे. ३०० मिलीची काचेची बाटली, काठोकाठ भरून हवेचा बुडबुडा न ठेवता बूच लावायचं, आधी डीओ काढायचा (रसायनं टाकून, म्हणजे विंकलर पद्धतीनं, नाहीतर मीटरनं), मग बाटली अंधारात ठेवायची, कारण उजेडात शेवाळ असलं तर ते उलट ऑक्सिजन तयार करत बसतं. ठरलेल्या दिवसांनी पुन्हा डीओ काढायचा, जेवढा कमी झाला तेवढा खर्च. सांडपाणी तसंच भरलं तर ऑक्सिजन मधेच संपतो, म्हणून पातळ करावं लागतं. समजा ३०० मिलीत ६ मिली सांडपाणी टाकलं, म्हणजे ५० पट पातळ केलं, अन् डीओ ७.५ वरून २.७ वर आला, तर ४.८ गुणिले ५०, बीओडी २४०. घरगुती सांडपाण्याचा आकडा साधारण एवढाच येतो. शेवटी बाटलीत लिटरमागे निदान १ मिलिग्रॅम डीओ उरला पाहिजे, नाहीतर तो आकडा धरायचा नाही.

जुन्या पुस्तकांत ५ दिवस अन् २० अंश असतं. ते इंग्लंडातून आलं, तिथल्या नद्यांचं पाणी पाचेक दिवसांत समुद्राला मिळतं असा तिकडच्या सरकारी सांडपाणी कमिशनचा हिशोब होता. आपल्याकडं २० अंशाचं पाणी उन्हाळ्यात फ्रिजमध्येच मिळतं, म्हणून भारतीय मानकात ३ दिवस अन् २७ अंश धरतात, आकडा जवळपास तोच येतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा ३० ची, अन् आंघोळीच्या नदीला ३, जिथं डीओ निदान ५ पाहिजे.

नागपुरात हा विषय वर्गाबाहेर पडल्या पडल्या दिसतो. नाग नदी, जिला अर्धं गाव नालाच म्हणतं, शहराच्या मधून वाहत कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, अन् ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात जाऊन साचतं. घाण पडली की तिथंच ऑक्सिजन तळाला जात नाही, बॅक्टेरियांना खायला वेळ लागतो, म्हणून डीओचा सगळ्यात खोल खड्डा प्रवाहात काही अंतर पुढं पडतो अन् मग हवेतून भरत भरत वर येतो. स्ट्रीटर अन् फेल्प्स या दोघा संशोधकांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवर याचं गणित मांडलं, परीक्षेत हमखास येतं. मे महिन्यात मात्र दोन्हीकडून मार बसतो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो (२० अंशाला ९.१, ३० ला ७.६ च्या आसपास) अन् बॅक्टेरिया जोरात खातात, वरून नदीत पाणीच नाही. त्यामुळं तोच बीओडी ऑगस्टात चालून जातो अन् मेमध्ये मासे मारतो. तलावात तर डीओ सगळ्यात कमी पहाटे असतो, रात्रभर शेवाळही श्वास घेत असतं, म्हणून मासे मेलेले सकाळी दिसतात अन् लोक म्हणतात रात्री कोणीतरी औषध टाकलं.

नागपुरातल्या भांडेवाडीच्या सांडपाणी प्लांटमध्ये मोठे ब्लोअर लावून हवा देतात ती ही उधारी नदीत जायच्या आधी फेडायलाच, अन् तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं.

बीओडी कमी आला की पाणी स्वच्छ, असं मात्र लिहू नका. फ्लोराइड, आर्सेनिक, क्षार यातलं काही यात दिसत नाही, अन् पाण्यात क्रोमियम किंवा फिनॉल जास्त असलं तर बाटलीतले बॅक्टेरियाच मरतात अन् आकडा मस्त कमी येतो. म्हणून सोबत सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) काढतात, डायक्रोमेट नावाच्या रसायनात दोन तास उकळून, त्यात बॅक्टेरियांचं काम नाही. घरगुती पाण्यात बीओडी सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असतो. कारखान्याच्या पाण्यात बीओडी २५ अन् सीओडी १८०० आला, तर ते पाणी बॅक्टेरियांनी तोंडातच घेतलेलं नाही.