घरच्या मायनिंग मशीनवर देखरेख : बसवून घेण्याआधी वाचा

घरात बिटकॉइनची एक-दोन मशीनं किंवा मोनेरो या दुसऱ्या डिजिटल चलनासाठी जुने कॉम्प्युटर चालवून मायनिंग करणाऱ्या, म्हणजे आकडेमोडीच्या बदल्यात ही चलनं मिळवणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आम्ही मशीनं विकत नाही. त्यांच्यावर नजर ठेवणारी व्यवस्था बसवून देतो, आणि त्यातलं सगळं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असतं, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता येतो.

मग पैसे कसले? बसवण्याचे आणि देखभालीचे. आकडे साठवणारं प्रोमिथियस, त्यांचे आलेख काढणारं ग्राफाना, मोनेरो मायनिंगचं एक्सएमरिग कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. आमचं काम पटलं नाही तर पुढचं दुसऱ्याकडून करून घ्या. सगळे पासवर्ड तुमच्याच ताब्यात असतात.

मुक्तस्रोतच का

एप्रिल २०१७ मध्ये अँटमायनर या बिटकॉइन मशीनांच्या फर्मवेअरमधली (आतल्या सॉफ्टवेअरमधली) एक भानगड बाहेर आली. मशीन दर काही मिनिटांनी कंपनीच्या सर्व्हरला आपला अनुक्रमांक कळवत होतं आणि तिकडून नकार आला तर काम बंद करू शकत होतं. 'अँटब्लीड' म्हणून हे प्रकरण गाजलं, कंपनीने सुधारित फर्मवेअर दिलं. कोड लोकांसमोर होता म्हणूनच हे सापडलं. एक्सएमरिग मुळात १ टक्का वेळ आपल्या विकसकांसाठी राबतं, पण तेही कोडमध्ये उघड लिहिलेलं आहे. तो टक्का आम्ही काढून देत नाही. विकसकांचा हक्काचा आहे.

काय बसवतो

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर प्रोमिथियस आणि ग्राफाना. मशीनमधला सीजीमायनर किंवा त्यावर बेतलेला प्रोग्राम ४०२८ या पोर्टवर (नेटवर्कवरच्या दारावर) हॅशरेट म्हणजे आकडेमोडीचा वेग, तापमान, पंख्यांचा वेग आणि नाकारलेले शेअर, म्हणजे केलेल्या कामाचे पुरावे, सांगतो. प्रोमिथियस ते साठवतो, ग्राफाना आलेख काढतो, आणि मशीन तापलं की टेलिग्रामवर निरोप येतो. प्रोमिथियस एरवी १५ दिवसांचीच नोंद ठेवतो. आम्ही ती वर्षभराची करतो. मे महिन्याचे आकडे ऑगस्टशी ताडून पाहिल्याशिवाय एक्झॉस्ट पुरतो की नाही ते कळत नाही. सततच्या लिखाणाने मेमरी कार्ड लवकर जातं, म्हणून सोबत एसएसडी घ्यावी लागते. तो खर्च टाळू नका.

मशीन ११० टेराहॅश दाखवतंय म्हणून निर्धास्त राहू नका. पैसे पूल, म्हणजे अनेकांची मशीनं जोडून कमाई वाटणारी सेवा, देतो, आणि तो फक्त स्वीकारलेले शेअर मोजतो. तासाभरात दोन आकड्यांत फरक दिसला तर तो नशिबाचा भाग. दिवसाच्या सरासरीतही पूल मागेच राहिला, तर मात्र इंटरनेट किंवा हॅशबोर्ड (मशीनमधला चिपांचा बोर्ड) तपासायला हवा. म्हणून दोन्ही रेषा आम्ही एकाच आलेखावर ठेवतो.

लाइट जाऊन आली की राउटर कधीकधी मशीनला नवा आयपी पत्ता देतो. मशीन धडधडत असतं आणि आलेख कोरा! आम्हाला फोन येतात ते बहुधा यासाठीच. प्रत्येक मशीनचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला की हा त्रास संपतो.

४०२८ बाहेर उघडू नका

या पोर्टवर बदल करण्याची मुभा मिळाली तर कोणीही तुमचा पूल बदलून स्वतःचा टाकेल. वीज तुमची, शेअर त्याचे. जिथे फर्मवेअर करू देतं तिथे आम्ही फक्त वाचण्याची परवानगी ठेवतो, तीही रास्पबेरी पायपुरतीच. बाहेरगावाहून बघायचं असेल तर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लावून देतो. वॉलेटची सीड फ्रेज (ते उघडणारे गुप्त शब्द) कोणी मागितली, अगदी आमच्या माणसानेही, तरी देऊ नका. देखरेखीला ती लागत नाही.

हिशेब

अँटमायनरचं एस१९ प्रो मशीन सुमारे ३२५० वॉट खेचतं. दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २३०० च्या वर. महावितरणच्या घरगुती बिलात ५०० युनिटांपुढचा टप्पा सर्वांत महाग आहे. त्यात एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक नव्या ब्लॉकमागे (व्यवहारांच्या गठ्ठ्यामागे) मायनिंगचं बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. घरगुती दरात हे मशीन बिल भरून काढेल, असं आम्ही सांगणार नाही. हौस आणि शिकणं एवढाच हेतू असेल तर वीसेक वॉटांत चालणारं, खुल्या रचनेचं बिटॲक्स हे छोटं मशीन बरं. ग्राफिक्स कार्डांची रिग इथेरियमसाठी घेत असाल तर थांबा. तिथलं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्येच बंद झालं.

क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही, असं सरकारने २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं आहे. बाकी तुमच्या सीएला विचारा.

आम्ही येण्याआधी

राउटरचा ॲडमिन पासवर्ड, प्रत्येक मशीनच्या लेबलचा फोटो आणि पूलची फक्त पाहण्यापुरती लिंक तयार ठेवा. एमसीबी आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर त्या दिवशी आम्ही काहीच जोडत नाही.