सस्पेन्शनचे भाग घरी बदलणे

सस्पेन्शनचे भाग घरी बदलणे : मोटारीच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांचे धक्के सोसणाऱ्या जोडणीचे, झिजलेले शॉकअप, लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी), लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा हात), बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) आणि बुश (सांध्यातले रबरी अस्तर) गॅरेजऐवजी घरच्या अंगणात बदलण्याचे काम. पाने चालवता येणाऱ्याला हे काम अवघड नाही. त्यात जिवावर बेतणाऱ्या गोष्टी दोनच, जॅकवर उचललेल्या गाडीचे वजन आणि दाबून बसवलेली स्प्रिंग.

मराठवाड्यात हे भाग लवकर जातात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटालाटांचा होतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या उरलेली कसर काढतात. खड्डे मुरमाने बुजवले जातात, पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि खड्ड्याची कड धारदार होऊन उरते. चाळिशीपार गेलेल्या उन्हात रबर कडक होऊन चिरते. म्हणून इथे शॉकअपच्या आधी बहुधा लिंक रॉड आणि बुश बोलू लागतात.

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली एकसंध जोडणी. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ती १९४०च्या दशकात विकसित केली. मागे बहुधा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, असतो. बोलेरोसारख्या गाड्यांचे मागचे कमानपाटे (वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) मात्र घरी खोलू नयेत, ते काम पाट्याच्या दुकानातच करून घ्यावे.

काय बदलायचे हे आधी ठरवावे, नाहीतर चांगले भाग निघतात आणि आवाज तसाच राहतो. सावकाश जाताना बारीक खड्ड्यांवर टकटक आली तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. ब्रेक मारताना धप्प आवाज येऊन गाडी एका बाजूला ओढली तर लोअर आर्मचा बुश पाहावा. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून धूळ चिकटलेली असेल, किंवा टायरवर हात फिरवताना उंचसखल चट्टे लागत असतील, तर शॉकअप गेला. चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ (ढिलेपणा) असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा. चाक डावी-उजवीकडून धरल्यावर हलले तर स्टिअरिंगच्या दांड्याचे चाकाकडचे टोक तपासावे.

जागा निवडताना मराठवाड्यातल्या घरांची एक खास अडचण येते. अंगणात शहाबादी फरशी असते, आणि तिच्याखाली पोकळी राहिलेली असेल तर जॅकखाली ती तडकते. मातीच्या अंगणात, विशेषतः काळ्या मातीत, जॅकचा पाय तिरका रुततो. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या डांबरातही स्टँडचे (उचललेली गाडी टेकवायच्या घोडीचे) पाय खाली जातात. सिमेंटचा सपाट कोबा सर्वांत बरा. तो नसेल तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली हातभर लांब, दोन इंच जाड सागाची किंवा बाभळीची फळी ठेवावी. गाडी विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर कधीही टेकवू नये. वीट कुरकुरत नाही, एकदम फुटते.

गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करावेत. जॅक पायदानाखालच्या खाचांमध्येच लावावा. गाडी उचलली की लगेच स्टँडवर टेकवावी आणि काढलेले चाक पायदानाखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर येते, माणसावर नाही.

लिंक रॉड हे सर्वांत सोपे काम. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल मारावे. एकच चाक उचलले तर स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) पिळला जातो आणि लिंक ताणात राहते, म्हणून दोन्ही बाजू सारख्या उंचीवर उचलाव्यात. नट फिरवताना आतला बोल्ट सोबत फिरत असेल तर त्याच्या टोकाला ॲलन की लावून धरावी.

लोअर आर्ममध्ये घरच्या मिस्त्रीची ठरलेली चूक एकच. गाडी हवेत लटकलेली असतानाच बुशचे बोल्ट पक्के आवळले जातात. गाडी खाली आली की आर्म वर जातो, रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. हे बोल्ट आधी नुसते टेकवावेत आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावर, किंवा आर्मखाली जॅक देऊन तो चालत्या उंचीवर आणल्यावर, आवळावेत. बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट त्याच्या दांड्यावरच्या खाचेतून आरपार गेला आहे ना हे डोळ्यांनी पाहावे.

मागचा शॉकअप काढण्यापूर्वी बीमखाली जॅकचा आधार द्यावा. तो न देता खालचा बोल्ट ओढला तर बीम खाली येतो आणि ब्रेकच्या होजवर (तेलाच्या रबरी नळीवर) ताण पडतो. एका वेळी एकच बाजू खोलावी, पण बदलताना जोडी बदलावी.

पुढचा स्ट्रट काढताना ब्रेक होजची क्लिप, सेन्सरची वायर आणि लिंक रॉड सोडवून घ्यावेत. खालच्या दोन बोल्टांची जागा रंगाने खुणावावी, म्हणजे चाकाचा कोन फार बिघडत नाही. बोल्ट काढण्याआधी नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) तारेने बांधून ठेवावी; ती बाहेर कलंडली तर ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो. वर बॉनेटखाली सहसा दोन-तीन नट असतात, तेवढेच काढावेत. मधल्या नटाला हात लावू नये. त्याने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते, आणि स्ट्रट गाडीतून सुटा झाला तरी ती दाबलेलीच राहते. दोरीने किंवा तारेने बांधून ती सोडवण्याचा प्रकार खेडोपाडी दिसतो. त्यात बोटे आणि जबडे गेले आहेत. जोडलेला तयार स्ट्रट आणावा, किंवा जुनी जोडणी गॅरेजला नेऊन तिथल्या प्रेसवर (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या यंत्रावर) नव्या शॉकअपवर चढवून आणावी. त्याच वेळी वरचे माउंट, बेअरिंग आणि धुळीचे रबर नवे घ्यावे. नव्या शॉकअपचा दांडा पकडीत धरू नये, कारण एक ओरखडा तेल अडवणारे सील कापायला पुरतो.

आवाज बंद करायला बुशवर जळके ऑइल किंवा डिझेल सोडण्याची सवय सगळीकडे आहे. आवाज आठवडाभर थांबतो, पण तेलाने रबर फुगून मऊ पडते आणि बुश पार जातो. रबराला सिलिकॉनचे वंगण चालते.

लॉकनट आणि स्प्लिट पिन नव्याच वापराव्यात. छोट्या गाड्यांचे चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरवर, एकाआड एक आवळतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून होज कुठे घासत नाही ना हे पाहावे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. स्ट्रट किंवा आर्म बदलला असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावी लागते. ती अंगणात होत नाही. त्यासाठी गाडी तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी न्यावी, आणि तोवर लांबचा प्रवास टाळावा, कारण चुकीच्या कोनात नवा टायरसुद्धा एका कडेने झपाट्याने खाल्ला जातो.