अनारकलीसाठी सलीमने बंड केले नव्हते

अकबराने अनारकलीला भिंतीत चिणले आणि तिच्यासाठी सलीम बापाविरुद्ध रणांगणात उतरला, असे आजही अनेकजण इतिहास म्हणून सांगतात. त्याला आधार नाही. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या अकबरनाम्यात अनारकली नाही. खुद्द सलीमने, म्हणजे जहांगीरने, लिहिलेल्या आठवणींतही तिचे नाव येत नाही. १६११च्या सुमारास लाहोरला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने ऐकीव कथा नोंदवली, पण त्याच्या कथेतली स्त्री अकबराच्याच जनानखान्यातली आहे! नाचणाऱ्या दासीची लोकप्रिय प्रेमकहाणी घडली ती बरीच पुढे, १९२२च्या उर्दू नाटकातून आणि मग चित्रपटांतून. गंमत म्हणजे १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये अकबर शेवटी तिला भुयारातून जाऊ देतो, तरी लोकांच्या लक्षात भिंतच राहिली आहे.

बंड मात्र खरे होते, आणि मला ते प्रेमकथेपेक्षा कितीतरी जास्त थरारक वाटते. १५६९चा जन्म असलेला सलीम तेव्हा तिशी ओलांडलेला, मुलाबाळांचा बाप होता. त्याला हवे होते तख्त. १६००मध्ये त्याने अलाहाबादेत स्वतंत्र दरबार थाटला. १६०२मध्ये बीरसिंह बुंदेला या सरदाराकरवी अबुल फजलचा खून करवला. बापलेकांत घनघोर लढाई कधी झालीच नाही. १६०४मध्ये समेट झाला.

असा चित्रपट जरूर पाहा, गाणी मनसोक्त ऐका. पण मुलांनी ‘हे खरं का?’ विचारले, तर त्यांना अलाहाबादची गोष्ट सांगा.