तीव्र किडनी इजा, दाह आणि क्रिएटिनिनचा निकष : पार्श्वभूमी

१९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या जखमींची लघवी थांबून किडनी निकामी होते, हे सविस्तर नोंदले गेले. किडनीच्या अशा अचानक बिघाडाला आज तीव्र किडनी इजा म्हणतात. नंतर डायलिसिस आले आणि जीव वाचू लागले.

या इजेतल्या दाहाच्या, म्हणजे शरीराच्या पांढऱ्या पेशींनी दिलेल्या प्रतिसादाच्या, अभ्यासाला जोर आला तो १९९० च्या दशकात. उंदराच्या किडनीची रक्तवाहिनी चिमट्याने थोडा वेळ बंद करून मोकळी केली, की परतणाऱ्या रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी शिरतात आणि इजा वाढवतात. या पेशी ज्या रेणूच्या आधाराने वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, तो रोखल्यावर उंदरांच्या किडन्या बऱ्याच सावरल्या. माणसांत, प्रत्यारोपित किडनीवर केलेल्या अशाच उपायाचा मात्र फायदा दिसला नाही. ती चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या काळी तीव्र किडनी इजेच्या तीसहून अधिक व्याख्या वापरात होत्या, त्यामुळे एकाचे निष्कर्ष दुसऱ्याशी ताडून पाहता येत नसत. २००० मध्ये किडनीतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागांतले डॉक्टर एकत्र आले आणि २००४ मध्ये सामाईक निकष ठरले. २००७ व २०१२ मध्ये त्यांत बदल झाले. आज रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे, सात दिवसांत दीडपट होणे किंवा सहा तास लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होणे, यांपैकी एक निदानाला पुरते.

वाद आहे तो क्रिएटिनिनवर. ही तपासणी स्वस्त आहे, सगळीकडे होते, म्हणून ती निवडली गेली, आणि ते कारण खोटे नाही. पण क्रिएटिनिन गाळणी किती चालते ते सांगते, इजा किती झाली ते नाही. ते वाढेपर्यंत एक-दोन दिवस जातात आणि दाह रोखण्याचे पहिले तास हातचे निसटतात. शिवाय ‘वाढ’ मोजायला आधीचा आकडा लागतो. सुरगाणा-पेठकडून घोणस चावून नाशिकला आणलेल्या मजुराचे क्रिएटिनिन पूर्वी कोणी तपासलेले असते? अशा वेळी गाळण्याचा वेग मिनिटाला ७५ मिलिलिटर होता असे धरून उलटे गणित करायची शिफारस आहे. चाळिशीच्या पुरुषाचा आकडा त्यातून १.१ च्या आसपास येतो. अंगावर मांस नसलेल्या माणसाचा खरा आकडा ०.६ असेल, तर तो जवळपास दुप्पट होऊनही कागदावर काहीच घडलेले नसते. अशा रुग्णांपुरता क्रिएटिनिन निवडण्याचा निर्णय अन्यायाचाच ठरला आहे.

लघवीतले एक प्रथिन लवकर इशारा देते, हे २००३ मध्ये प्राण्यांत आणि २००५ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांत दिसले होते. क्रिएटिनिन वाढण्याआधीची इजा निकषांत धरावी, असा प्रस्ताव याच तज्ज्ञगटाच्या प्रक्रियेतून यायला २०२० उजाडले.

घोणसीच्या दंशात तर रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात, विष किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर थेट घाव घालते आणि दाह त्यात भर घालतो. चिमटा लावलेल्या उंदरात हे सगळे दिसत नाही. २०१७ मध्ये सर्पदंश जगातल्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत गणला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करायला सांगितले. तीन महिन्यांनी किडनी पुन्हा तपासावी, असे २०१२ चेच निकष सांगतात. दंश बहुतेक पावसाळ्यातले. तपासणीची तारीख खरीप काढणीच्या दिवसांत येते, तेव्हा मजुरी बुडवून नाशिक गाठणे पेठच्या माणसाला परवडत नाही. ती फेरतपासणी तालुक्यातच व्हायला हवी.