तीन मीटरची चूक

"मामा, दहा मीटरवर छर्रा सरळच जातो ना?"

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी पोह्यांच्या बशा अजून उचलायच्या होत्या आणि सई तो जाडजूड कोट खांद्यावर टाकून सरावाला निघाली होती. ती नववीत आहे, दोन वर्षांपासून एअर रायफल चालवते. मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. असा प्रश्न आला की मला कागद लागतो, म्हणून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवरच गणित मांडलं.

तिच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने सुटतो. दहा मीटर कापायला त्याला सेकंदाचे सहा शतांश लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे १७ मिलिमीटर खाली ओढतं. आता लक्ष्याकडे बघा. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. गुण दशांशात मोजतात आणि एका दशांशाचा अर्थ मध्यापासून पाव मिलिमीटर. या हिशेबात १७ मिलिमीटर म्हणजे फार मोठी घसरण आहे. सई तरी दहाच्या आसपास मारते, कारण अंतर ठरलेलं आहे. साइट एकदा जुळवली की ती घसरण तिच्यात मुरून जाते.

नियम तर इतका काटेकोर आहे की दहा मीटरच्या रेंजमध्ये अंतराची चूक पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पाच सेंटिमीटरच का, हे मी करून पाहिलं. नळीच्या पाच सेंटिमीटर वर साइट धरली, तर तेवढ्या चुकीने छर्रा साधारण ०.१७ मिलिमीटर वर-खाली जाईल. एका दशांश गुणाच्याही आत! सईला हे आकडे दाखवले तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की सरावाला पंधरा मिनिटं उशीर झाला.

नियमांची पुस्तिका वाचताना मला एक धागा सापडला आणि तो मला फार आवडला. निशाणा चुकण्याची कारणं अनेक असतात: शरीराचं डोलणं, श्वास, चाप ओढतानाचा हिसका, वारा, अंतर, बंदुकीची ताकद. यातली कोणती यंत्राने सांभाळायची आणि कोणती माणसाकडे ठेवायची, हे साहित्याचे नियम ठरवतात. दहा मीटरच्या खेळाने अंतर आणि वारा काढून टाकले आणि शरीराचा तोल माणसाकडे ठेवला. म्हणून रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर नको, दुर्बीण नको. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत, आणि त्याच्या चापाला निदान ५०० ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे, म्हणजे नुसत्या स्पर्शाने गोळी सुटणार नाही.

कोटाचा नियम तर वर्गात शिकवावा असा आहे. कापड एका थरात २.५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, हे सरळ आहे. पण पातळ कापडही कडक करता येतं, आणि कडक कोट म्हणजे अंगाभोवती उभा केलेला सांगाडाच. म्हणून कडकपणा मोजतात. एका ६० मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर कापड ठेवायचं, वर एक किलोचं वजन द्यायचं, आणि ते निदान तीन मिलिमीटर दबलं पाहिजे. गेल्या जानेवारीत सकाळच्या सरावाला सईच्या प्रशिक्षकांनी तिचा कोट असा मोजला. आकडा आला २.९. आदल्या महिन्यात तोच कोट व्यवस्थित पास झाला होता. रात्रभर गाडीच्या डिकीत राहून थंडीने कापड ताठरलं होतं. अर्धा तास उन्हात ठेवल्यावर ते पुन्हा दबायला लागलं. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "बेटा, स्पर्धेत ही सबब चालत नाही." तेव्हापासून कोट घरात, कपाटात राहतो.

इंदूरला नेमबाजी नवी नाही. सेनेचं मार्क्समनशिप युनिट इथून जवळच महूला आहे, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तिथेच घडले. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातले ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ऑलिंपिकला जाऊन आले. पण ही सगळी ठरलेल्या अंतराची नेमबाजी. अंतरच माणसाकडे ठेवणारा एक प्रकार आहे, तो आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. त्याला फील्ड टार्गेट म्हणतात.

तो इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास सुरू झाला. झाडाझुडपांत, चढ-उतारावर पत्र्याची लक्ष्यं उभी करतात. प्रत्येकात एक गोल भोक आणि भोकाच्या मागे एक पट्टी. छर्रा भोकातून जाऊन पट्टीवर आदळला तर लक्ष्य खाली पडतं. कडेला लागला तर जागेवर उभं राहतं, आणि तुम्हाला शून्य. जवळच्या लक्ष्याचं भोक १५ मिलिमीटरचंही असतं, लांबच्याचं ४० च्या आसपास. अंतर आठ-नऊ मीटरपासून पन्नास मीटरपर्यंत काहीही, आणि ते कुणी सांगत नाही. लेझरने अंतर मोजायला बंदी आहे.

बंदुकीची ताकदही बांधलेली आहे: १६.२७ ज्यूल. हा विचित्र आकडा ब्रिटिश कायद्यातल्या १२ फूट-पौंडांतून आला आहे. ताकद मोजायला छर्रा वजन करतात आणि दोन प्रकाशसंवेदकांमधून त्याचा वेग घेतात. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा या मर्यादेत सेकंदाला सुमारे २४३ मीटर जातो. जड छर्रा घेतला तर वेग कमी ठेवावा लागतो. त्यामुळे कितीही महाग रायफल आणली तरी प्रत्येकाच्या छऱ्याचा मार्ग तितकाच वाकडा. नियमाची हीच तर गंमत आहे: ताकद वाढवून मार्ग सपाट करता आला असता तर अंतर ओळखायची गरजच उरली नसती.

मार्ग किती वाकडा? हवेचा विरोध धरून मी हिशेब केला. पन्नास मीटरपर्यंत जायला छऱ्याला सुमारे पाव सेकंद लागतो आणि तो नळीच्या रेषेपासून जवळपास २५ सेंटिमीटर खाली येतो. स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, नळीच्या पाच सेंटिमीटर वर आहे असं धरू. नेमबाजाने अंतर ४७ मीटर समजून स्कोप लावला आणि लक्ष्य खरं ५० वर असलं, तर छर्रा सुमारे १४ मिलिमीटर खाली लागेल. भोकाची त्रिज्या २०. त्यातून छऱ्याची स्वतःची अर्धी रुंदी वजा करा, कारण त्याची कडही पत्र्याला घासायला नको. उरले पावणेअठरा. म्हणजे तीन मीटरच्या चुकीने जवळपास सगळी जागा खाल्ली. हात किंचित हलला, वाऱ्याने थोडं ढकललं, की गेलं. (वाऱ्याचं सांगायचं तर सेकंदाला दोन मीटरची आडवी झुळूक पन्नास मीटरवर छऱ्याला सहा सेंटिमीटर सरकवते. पण वारा हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.)

हीच तीन मीटरची चूक २५ मीटरवर केली तर? २५ समजून २८ वर मारलं तर फरक फक्त अडीच मिलिमीटर. तिथे छऱ्याचा मार्ग आणि नजरेची रेषा जवळजवळ समांतर धावतात.

आणि दहा मीटरवर? इथे मी स्वतः चकलो होतो. मला वाटलं होतं, जवळ म्हणजे सोपं. पण नळी स्कोपच्या खाली असते, त्यामुळे सुरुवातीला छर्रा नजरेच्या रेषेकडे खालून वर चढत येत असतो. दहा समजून लक्ष्य बारावर निघालं, तर छर्रा सुमारे आठ मिलिमीटर वर लागतो. १५ मिलिमीटरच्या भोकाची त्रिज्याच साडेसात! दोन मीटरच्या चुकीने नेम बाहेर. अवघड जागा दोन्ही टोकांना आहेत, मध्ये आराम आहे.

मग लेझरशिवाय अंतर ओळखायचं कसं? एक उपाय सुचतो: भोकाचा आकार माहीत असेल तर स्कोपमधल्या खुणांवर तो किती दिसतो यावरून अंतर काढायचं. पण ४० मिलिमीटरचं भोक ५० मीटरवर जेवढं दिसतं, तेवढंच २५ मिलिमीटरचं भोक सुमारे ३१ मीटरवर दिसतं. मैदान मांडणारे भोकांचे आकार बदलत ठेवतात ते यासाठीच.

खरं काम फोकसने होतं. स्कोपच्या बाजूला एक चकती असते, ती फिरवली की वेगवेगळ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट होते. लक्ष्य ज्या जागी अगदी धारदार दिसेल, तिथला चकतीवरचा आकडा म्हणजे अंतर. शाळेतलं भिंगाचं सूत्र आठवा. २० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगासाठी दहा मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा नाभीच्या चार मिलिमीटर मागे पडते. वस्तू अकरा मीटरवर नेली की प्रतिमा ०.३८ मिलिमीटर सरकते. हे सहज पकडता येतं. पन्नासवरून एक्कावन्नवर नेली तर? फक्त ०.०१६ मिलिमीटर, केसाच्या जाडीचा जेमतेम चौथा हिस्सा. अंतर पाचपट झालं आणि खूण जवळपास पंचविसाव्या हिश्शाची झाली. म्हणून हे नेमबाज चकतीवर आणखी एक बशीएवढी मोठी चकती बसवतात, म्हणजे त्या सूक्ष्म सरकण्याचं बोटभर फिरणं होतं.

पण चकती मोठी करून सगळं साधत नाही, कारण पाहणारा डोळा जिवंत आहे. प्रतिमा थोडी धूसर झाली की डोळ्यातलं भिंग आपोआप फुगतं किंवा सपाट होतं आणि ती पुन्हा स्पष्ट करून दाखवतं. डोळा आपल्याला मदत करायला जातो आणि अंतर चुकवतो. ही चूक किती, ते स्कोप किती पट मोठं दाखवतो यावर ठरतं, आणि तेही त्या पटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. डोळ्याने एका डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) फेरफार केली असं धरा. ५० पटीच्या स्कोपमध्ये पन्नास मीटरवर त्याने फक्त एका मीटरचा घोळ होतो. १६ पटीत तेच लक्ष्य ४२ पासून ६२ मीटरपर्यंत कुठेही असल्यासारखं स्पष्ट दिसू शकतं. १० पटीत ३३ पासून १०० पर्यंत!

हे गणित सुटलं तेव्हा नियमपुस्तिकेतली एक ओळ मला वेगळीच दिसायला लागली. काही गटांत स्कोपची मोठं करण्याची मर्यादा १२ किंवा १६ पट ठेवलेली असते. आधी मला ती खर्चावरची बंधनं वाटली होती. प्रत्यक्षात त्या एका आकड्याने फोकसने अंतर मोजणं लांबच्या लक्ष्यांसाठी जवळजवळ बंद होतं, आणि नेमबाजाला जमीन, गवत, झाडाचं खोड, मधला उतार वाचून अंतर ठरवावं लागतं. लेझरची बंदी असूनही मोठ्या पटीच्या स्कोपमध्ये काच बरंचसं काम करते. लहान पटीत ते काम पुन्हा माणसाकडे येतं. मला विचाराल तर लहान पटीचा गट जास्त कठीण आणि जास्त सुंदर आहे.

डोळ्याला आवरायला एक युक्ती आहे. आधी डोळ्याजवळचं भिंग फिरवून स्कोपमधल्या रेघा स्वच्छ करून घ्यायच्या, मग नजर त्या रेघांवर ठेवून चकती नेहमी एकाच दिशेने फिरवायची. वय इथे आमच्या बाजूने आहे. माझा डोळा आता फारसं जुळवून घेत नाही, त्यामुळे धूसर ते धूसरच दिसतं. पंधरा वर्षांच्या सईचा डोळा दहा डायॉप्टरपर्यंत सहज वाकतो.

हे तपासायला आम्ही एक जुना स्कोप मिळवला, ३२ पटीचा. बंदूक घरीच. तिवईवर स्कोप लावला, वसाहतीमागच्या मैदानात मीटर-टेपने दहापासून पन्नासपर्यंत खुंट्या ठोकल्या आणि खुंट्यांवर बारीक अक्षरांचे वर्तमानपत्राचे तुकडे टोचले. सई चकती फिरवायची, मी चकतीवर चिकटवलेल्या पांढऱ्या फितीवर खूण करायचो. जानेवारीतल्या सकाळी, दहा-बारा अंश तापमानात, निळ्या शाईने.

मे महिन्यात, चाळीस अंशांत, तेच पुन्हा केलं, लाल शाईने. जवळच्या खुणा निळ्यांवर नीट बसल्या. तीस मीटरनंतर त्या बाजूला सरकायला लागल्या, आणि पन्नासला पोचेपर्यंत दोन शाईंत जवळपास चार मीटरांचं अंतर पडलं. सईने मला विचारलं, काय बिघडलं? काहीच नाही. स्कोपची नळी ॲल्युमिनियमची आहे. २० सेंटिमीटर ॲल्युमिनियम २८ अंशांनी तापलं तर ते ०.१२९ मिलिमीटर लांबतं. पन्नास मीटरवर एका मीटरची खूण ०.०१६ मिलिमीटरची असते, हे तिनेच मला आठवण करून दिलं आणि कागदावर भागाकार मांडला. उत्तर आठ आलं. भिंगाची काचही उन्हात बदलते आणि त्यातला काही भाग भरून काढते, म्हणून आमच्या फितीवर आठऐवजी चार.

दुपारी साडेबारापर्यंत मैदानावर हवा इतकी थरथरायला लागली की अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसायची, आणि आम्ही तिवई उचलली. आता त्या फितीवर तिसरी शाई हवी आहे, ऑक्टोबरची. हिरवी शाई सईने आत्ताच आणून ठेवली आहे.