'लीटा' हा लीटाचा पहिला अल्बम नव्हे

अल्बमवर गायिकेचं नुसतं नाव छापलेलं दिसलं की तो तिचा पहिलाच असणार, असं लोक बिनदिक्कत धरून चालतात. अमेरिकन रॉक गायिका-गिटारवादक लीटा फोर्डच्या बाबतीत हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. १९८८चा 'लीटा' हा तिचा तिसरा अल्बम. पहिला 'आउट फॉर ब्लड', १९८३चा, सरळसरळ राकट. पॉप-मेटलशी, म्हणजे मेटलचा दणका आणि पॉपची चाल यांच्या मिश्रणाशी, तिची गाठ पडली ती त्याच्या पुढच्या वर्षी, १९८४च्या 'डान्सिन ऑन द एज'मध्ये. तेव्हा ती जेमतेम पंचवीस वर्षांची होती. हा दुसरा आणि तो तिसरा, या दोघांत नेमका फरक काय, हेही इथेच सांगून टाकतो.

'लीटा'बद्दल फार बोलत नाही, तो तुम्ही ऐकलेला असणारच. त्यातलं 'किस मी डेडली' हे गाणं अमेरिकेत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं, ऑझी ऑस्बोर्नसोबतचं 'क्लोज माय आइज फॉरएव्हर' आठव्या. तिचं व्यवस्थापन तेव्हा ऑझीची बायको शॅरन ऑस्बोर्नकडे होतं. झालं.

किरकोळ फरकही पटकन उरकू. आधीची रेकॉर्ड कंपनी मर्क्युरी, नंतरची आरसीए. मधल्या चार वर्षांत ती गप्प बसलेली नव्हती. 'द ब्राइड वोअर ब्लॅक' नावाचा एक अल्बम घडत होता, तो कधी दुकानात आलाच नाही. आणि हो, 'आय लव्ह रॉक अँड रोल' हे तिचं गाणं नाही, ते जोन जेटने गाजवलं. दोघी एकेकाळी 'द रनअवेज' या मुलींच्या रॉक बँडमध्ये एकत्र होत्या, एवढंच.

आता मुद्द्याचं. "चौऱ्याऐंशीत ती मेटल होती, अठ्ठ्याऐंशीत कीबोर्ड घालून पॉप झाली" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. कीबोर्ड दोन्हीकडे आहेत. सगळ्यांनी मिळून ओरडायची ध्रुवपदंही दोन्हीकडे आहेत. 'डान्सिन ऑन द एज'चा निर्माता कोण, तर लान्स क्विन, म्हणजे बॉन जोव्ही या रॉक बँडच्या पहिल्या दोन अल्बमांवर ज्याचा हात फिरलाय तो. बेसवर ह्यू मॅक्डॉनल्ड, जो पुढे बॉन जोव्हीतच जाऊन स्थिरावला. म्हणजे पॉप चौऱ्याऐंशीतच स्टुडिओत येऊन खुर्ची टाकून बसला होता.

मग फरक कशात? गाणं कुठून उगवतं, यात. लीटा सोळाव्या वर्षी 'द रनअवेज'मध्ये शिरली ती लीड गिटार वाजवायला. गाण्याचं काम आधी चेरी करीचं, ती गेल्यावर जोन जेटचं. लीटाचे देव रिची ब्लॅकमोर आणि हेंड्रिक्स, दोघेही गिटारवाले. अशी मुलगी स्वतःच्या नावावर अल्बम काढते तेव्हा गिटार आधी सुचते आणि शब्द तिच्यामागे धावत येतात. 'डान्सिन ऑन द एज'मधलं 'गॉटा लेट गो' ऐका. ध्रुवपद चांगलं ठसकेबाज आहे, पण ते रिफच्या, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याच्या, खांद्यावर बसून फिरतं. रिफ काढून घ्या, ध्रुवपद धपकन खाली.

'किस मी डेडली'चं बरोबर उलटं. ते तिने लिहिलेलंच नाही, ते मिक स्मायलीचं. (हाच तो, 'घोस्टबस्टर्स' सिनेमात ज्याचं 'मॅजिक' हे गाणं आहे.) आणि निर्माता माइक चॅपमन, म्हणजे गायिका सुझी क्वाट्रोला गाजवणारा, ब्लाँडी बँडचा 'पॅरलल लाइन्स' अल्बम आणि 'द नॅक'चं 'माय शरोना' हे गाणं घडवणारा माणूस. कुठली ओळ लोकांच्या जिभेवर चिकटेल हे ओळखणं हाच त्याचा धंदा. इथे ओळ आधी आणि गिटार तिच्या सोयीने. शनिवार रात्रीच्या पार्टीची ती कहाणी तुम्ही आंघोळ करताना म्हणा, चमच्याने ताटलीवर ठेका धरून म्हणा, कुठेच काही कमी पडत नाही. गिटार सोलोची वेळ आली की येते, झोकात वाजते आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहते.

यावर लगेच कुणी म्हणेल, मग अठ्ठ्याऐंशीत दुसऱ्याच कुणीतरी गिटार वाजवली असेल. नाही हो! दोन्हीकडे लीड गिटार तिचीच आहे. "गिटार नक्की कोण वाजवतं?" हा प्रश्न पुरुष गायकाच्या हातात गिटार असताना कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. ती बी. सी. रिच कंपनीची कोनेरी गिटार काही फोटोपुरती गळ्यात अडकवलेली नव्हती.

'लीटा'तही जुनी सवय एका जागी उफाळून येते. 'कान्ट कॅच मी', मोटरहेड या दणकेबाज बँडच्या लेमीबरोबर लिहिलेलं. तिथे पुन्हा गिटार पुढे आणि गाणं तिच्यामागे फरफटत जातं. त्या अल्बमातलं माझं सगळ्यात आवडतं तेच.

गाणं म्हणून 'किस मी डेडली'ला चौऱ्याऐंशीतलं काहीही टक्कर देत नाही, हे मला मान्य आहे. पण अख्खा अल्बम लावायचा झाला तर मी 'डान्सिन ऑन द एज'च लावणार, त्यातही रँडी कॅस्टिलोच्या ड्रम्ससाठी. ऑझीने त्याला पुढे आपल्या बँडमध्ये घेतलं ते उगाच नाही.

फरक पटत नसेल तर दोन्ही लागोपाठ लावा, बंद करा आणि चहा टाकायला जा. माझ्या एका हट्टी मित्रावर हा प्रयोग झालाय. 'किस मी डेडली'नंतर तो ओट्यापाशी शब्द म्हणत उभा होता. 'गॉटा लेट गो'नंतर दोन ओळी म्हणाला, अडखळला आणि तोंडानेच 'ट्यांव ट्यांव' करत गिटार वाजवायला लागला. दूध उतू गेलं.