घोट्याचा रक्तदाब कुणी मोजला का?

चालताना पोटरीत गोळे येतात, थांबलं की काही मिनिटांत जातात. ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं, त्यातून बाई असेल तर हमखास. पण पायाच्या धमन्या मेदाच्या थरांनी अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. हा परिधीय धमनीविकार जगात २० कोटींहून अधिक लोकांना आहे. ब्लॉकेज विरघळवण्याचा दावा करणाऱ्या तेलांनी त्या धमन्या मोकळ्या होत नाहीत.

तो ओळखण्याची चाचणी मला फार आवडते. माणसाला आडवं झोपवून घोट्यापाशी वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडाच्या वरच्या दाबाने भागायचं. निरोगी पायात उत्तर साधारण १ किंवा किंचित जास्त येतं. जास्त अशासाठी, की हृदयातून निघालेली दाबाची लाट पायाच्या बारीक धमन्यांवरून परत फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळून वरचा दाब वाढवते. ०.९० किंवा त्याहून कमी उत्तर म्हणजे विकार आहे असं धरतात.

मात्र विसावलेल्या पायाला रक्त कमी लागतं. प्रवाह कमी, म्हणून अडथळ्यावर दाबही कमी खर्च होतो आणि आकडा चांगला दिसतो. चालवून लगेच मोजलं, की तो घसरतो. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात तर धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने ती नीट दबत नाही आणि आकडा खोटाच वर जातो, कधी १.४० च्याही पुढे. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

अनेक स्त्रिया इथेच निसटतात. पुस्तकातलं पोटरीचं दुखणं त्यांना होतंच असं नाही. पाय जड होतात, थकवा येतो. मग त्या हळू चालतात, कमी चालतात. प्रवाह वाढतच नाही, त्यामुळे दुखणंही नाही आणि तक्रारही नाही. निदान झालं तरी स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं त्यांना पुरुषांपेक्षा कमी लिहून दिली जातात.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत हा विकार श्वेतवर्णीयांच्या सुमारे दुप्पट आढळतो. मधुमेह आणि मूत्रपिंडविकारही त्यांच्यात जास्त, म्हणजे फसवा आकडा येण्याची शक्यताही जास्त. पायाचा फिकटपणा किंवा लालसरपणा गडद त्वचेवर सहज दिसत नाही. हा वंशाचा दोष म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. विमा, उत्पन्न, तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यातलं अंतर, डॉक्टरांचे पूर्वग्रह हे सगळं त्यात आहे. धमनी मोकळी करण्याचे उपचार त्यांना कमी मिळतात आणि पाय कापण्याची वेळ त्यांच्यावर जास्त वेळा येते.